एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या

बर्ड फ्लूचं हे प्रकरण मुंबईच्या पश्चिम उपनगरातलं, जंगलाच्या कडेला असलेल्या एका आदिवासी पाड्यावरचं आहे. पाड्याचं नाव देत नाही. माणसांची ओळख आणि काही आकडे बदलले आहेत, घटनांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. मी खाजगी पशुवैद्यक. या भागातल्या तीन पाड्यांवर दरवर्षी कोंबड्यांना मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस द्यायला जातो, म्हणून पहिला फोन मला आला. शेवटच्या पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून सहीही माझीच आहे.

साथीच्या रोगात निरोगी दिसणारी जनावरंसुद्धा मारण्याचा अधिकार सरकारकडे असावा, असं माझं मत आहे. या प्रकरणानंतरही ते बदललेलं नाही. पण तो अधिकार वापरायची वेळ येते ती कुणीतरी मालक आपणहून "माझ्या कोंबड्या मरतायत" असं सांगतो तेव्हाच. आमच्या पाड्यावर ज्याने हे सगळ्यात आधी सांगितलं, त्याच्याच पदरी सगळ्यात कमी पडलं. ते कसं घडलं, हे मांडण्यासाठी हे लिहितोय.

पार्श्वभूमी

बर्ड फ्लू महाराष्ट्राला नवा नाही. देशातला पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला सापडला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीतल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या दगावल्या आणि त्याच सुमारास मुंबई, ठाणे आणि दापोलीतल्या मेलेल्या कावळ्यांचे नमुने बाधित निघाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत पुन्हा तेच. आपलं प्रकरण यानंतरच्या एका हिवाळ्यातलं.

पाड्यावर त्रेचाळीस घरं. पुरुष बहुतेक रोजंदारीवर, बाया घरकाम करायला आसपासच्या सोसायट्यांमध्ये जातात. कोंबड्या जवळजवळ प्रत्येक घरी, आठ-दहा ते वीस-पंचवीस. सगळ्या गावठी. सकाळी डालगं (कोंबड्या झाकायची टोपली) उचललं की दिवसभर उकिरड्यावर, ओढ्यात, शेजाऱ्याच्या अंगणात फिरायच्या आणि तिन्हीसांजेला घरी यायच्या. हा कुणाचा मुख्य धंदा नाही. मुलाच्या शाळेची फी भरायची असली की दोन कोंबड्या विकायच्या, पाहुणा आला की एक कापायची, आणि एक कोंबडा वाघोबाला, म्हणजे वाघदेवाला, राखून ठेवायचा. पाड्याच्या वरच्या अंगाला, जांभळाच्या झाडाखाली वाघोबाचं ठाणं आहे.

शंभर-दीडशे पावलांवर रस्ता. रस्त्यापलीकडे दाट वस्ती, तिच्यात चिकनची सात दुकानं, आणि त्यामागे वीस-बावीस मजल्यांचे टॉवर. खेड्यात एक किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर त्यात एक गाव आणि थोडं शिवार येतं. मुंबईत त्याच वर्तुळात किती काय येतं, ते पुढे दिसेल.

अडचण कशी सुरू झाली

सोमवारी सकाळी रिक्षा चालवणाऱ्या एका तरुणाच्या घरी पाच कोंबड्या डालग्यातच मेलेल्या सापडल्या. त्याच्या आईला वाटलं मानमोडी. थंडीत कोंबड्यांना मर लागणं पाड्याला नवं नव्हतं. पाचही कोंबड्या तिने ओढ्याकाठी टाकून दिल्या. मंगळवारी आणखी दोन गेल्या आणि शेजारच्या घरी एक मलूल झालेली कोंबडी कापून खाल्ली गेली. बर्ड फ्लूचा विषाणू ७० अंश सेल्सिअसला मरतो, त्यामुळे शिजलेल्या रश्शातून धोका नव्हता. धोका कापणाऱ्या आणि पिसं काढणाऱ्या हाताला होता, आणि ते काम एका बारा वर्षांच्या मुलीने केलं होतं. पुढचे दहा दिवस आरोग्यसेविका रोज त्या घरी जाऊन तिचा ताप बघत होती. मुलीला काही झालं नाही, पण ते दहा दिवस मला आजही आठवतात.

गुरुवारी पाण्याच्या टाकीखाली दोन कावळे मरून पडलेले त्या तरुणाला दिसले. त्याने मोबाइलवर बातम्या पाहिल्या होत्या. त्याने मला फोन केला, "डॉक्टर, कावळे पण मेलेत. येता का?"

मी संध्याकाळी पोहोचलो. एक तलंग (अजून अंड्यावर न आलेली तरुण कोंबडी) मान टाकून बसली होती. तुरा जांभळा पडलेला, डोळ्यांभोवती सूज, आणि पाय उचलून पाहिला तर पिसं नसलेल्या नळीवर खवल्यांच्या खाली लालसर रक्ताळलेले ठिपके. मानमोडीत मान वळते, हिरवी हगवण लागते. हे ठिपके पाहिल्यावर माझी खात्री पटत चालली. लगेच सरकारी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवलं. ते रात्री साडेनऊला आले, दोन मेलेल्या कोंबड्या आणि एक कावळा तिहेरी पिशवीत बांधून बर्फाच्या पेटीत ठेवले. नमुने आधी पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे आणि तिथून भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेत गेले. अंतिम शब्द भोपाळचाच असतो.

अहवाल यायला मध्ये चार दिवस गेले. त्या तरुणाच्या घरी चौदा कोंबड्या होत्या, त्यातल्या तीन उरल्या.

त्या चार दिवसांत काय केलं, हा या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण होता, आणि तो आम्ही नीट ओळखलाच नाही. घरोघरी जाऊन "कोंबड्या डांबून ठेवा, विकू नका, कापू नका" असं तोंडी सांगितलं. मी माझ्या वहीत घराप्रमाणे कोंबड्या मोजून लिहिल्या. तिन्ही पाडे मिळून चारशे बारा भरल्या. पण तो आकडा माझ्या वहीतच राहिला, सरकारी कागदावर चढला नाही. आणि रस्त्यापलीकडच्या दुकानांना कुणीच काही सांगितलं नाही. पाडा एका कार्यालयाकडे, दुकानांचे परवाने दुसऱ्या कार्यालयाकडे. अहवाल नसताना दुकानं बंद करायला सांगणं हे आपलं काम आहे, असं दोघांपैकी कुणालाच वाटलं नाही.

कायदा काय सांगतो

या सगळ्याला आधार आहे तो प्राण्यांमधील संक्रामक आणि सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंध व नियंत्रणाचा २००९ चा केंद्रीय कायदा. त्याच्या कलम ४ नुसार जनावराला रोग असल्याचा संशय आला तरी मालकाने कळवायचं असतं. कलम ५ नुसार आजारी जनावर वेगळं ठेवायचं. कलम २० खाली बाधित क्षेत्र जाहीर करता येतं. मारण्याचा अधिकार कलम २५ मध्ये आहे. रोग पसरू नये म्हणून, किंवा रोग माणसाला होणारा असेल तर लोकांच्या आरोग्यासाठी, पशुवैद्यकीय अधिकारी लेखी आदेश काढून जनावराला दयामरण द्यायला सांगू शकतो.

इथे एका शब्दावर थांबायला हवं. कलम २५ बोलतं ते रोगाची लागण झालेल्या जनावराबद्दल. उलट केंद्राचा बर्ड फ्लूचा कृती आराखडा प्रादुर्भावाच्या केंद्रापासून एक किलोमीटरच्या आतले सगळे पाळीव पक्षी नष्ट करायला सांगतो आणि तिथून दहा किलोमीटरपर्यंत निगराणी ठेवायला सांगतो. म्हणजे ज्या कोंबडीला काहीही झालेलं नाही, तीही जाणार. शास्त्राच्या बाजूने याला भक्कम कारण आहे. लक्षणं दिसायच्या आधीच कोंबडीच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडायला लागतो, आणि लक्षणं दिसेपर्यंत वाट पाहिली तर आपण कायम दोन दिवस मागे राहतो. पण कायद्याचे शब्द आणि आराखड्याचं वर्तुळ यांच्यात फट आहे, आणि ती आदेश लिहिणाऱ्याने कारणं देऊन भरायची असते.

ही फट आपल्याकडेच आहे असं नाही. ब्रिटनमध्ये २००१ च्या लाळ्या-खुरकुताच्या साथीत साठ लाखांहून जास्त जनावरं मारली गेली. त्यात शेजारच्या शेतातली निरोगी जनावरं मारण्यावरून मोठा असंतोष झाला. मारलेल्या जनावरांच्या ढिगाशेजारी एक पांढरं वासरू जिवंत सापडलं आणि त्याच्यासाठी सगळा देश हळहळला. नंतर २००२ मध्ये त्यांनी कायदा बदलून असे अधिकार स्पष्ट शब्दांत वाढवून घेतले. आपल्याकडे मात्र ते ओझं अजून आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या पेनावर आहे.

आणि शिक्षा? कायदा मोडला किंवा अधिकाऱ्याला अडवलं तर पहिल्या वेळी दंड एक हजार रुपयांपर्यंत. एक गावठी कोंबडी चारशे-पाचशेला जाते. दंडाची भीती घालून इथे कुणी कोंबडी आणून देणार नाही, हे उघड आहे.

समोरचे पर्याय

सोमवारी संध्याकाळी भोपाळचा अहवाल आला. एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचाच विषाणू. रात्री आठ वाजता बैठक बसली. पशुसंवर्धन, महसूल, महापालिका, आरोग्य, पोलीस आणि वन खात्याची माणसं होती. मला पाड्याची माहिती होती म्हणून बोलावलं होतं.

एक सूचना अशी आली की मर झालेल्या अकरा घरांतल्याच कोंबड्या माराव्यात आणि बाकीच्या एकवीस दिवस डांबून ठेवाव्यात. मनातून मलाही हेच हवं होतं. पण मीच त्याच्या विरोधात बोललो. पाड्यावरच्या कोंबड्या घराच्या नसतात, उकिरड्याच्या असतात. अकरा घरांची कोंबडी आणि बाराव्या घराची कोंबडी दिवसभर एकाच ओढ्यावर पाणी पितात. डांबून ठेवायला खुराडी नव्हती. होती ती टोपलीवजा डालगी, आणि त्यात एकवीस दिवस कोंबडी जगत नाही.

लसीचा विषय कुणीतरी काढला. एच५एन१ साठी कोंबड्यांना लस देणं आपल्या आराखड्यात बसत नाही, त्यामुळे तो तिथेच संपला.

उरलं ते वर्तुळ. नकाशावर एक किलोमीटरची त्रिज्या टाकली तेव्हा खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. तीन पाडे, एक तबेला, वस्तीतली सातही दुकानं, आणि एका सोसायटीच्या वॉचमनने मागच्या बाजूला पाळलेली बदकं. पाड्यांसाठी आदेशात कारण नीट लिहिलं गेलं. कोंबड्या मोकळ्या फिरणाऱ्या, एकत्र चरणाऱ्या, म्हणून त्यांना एकच कळप मानून सगळ्यांना संसर्ग झाल्याचं गृहीत धरलं आहे, असं ते होतं. हे वाक्य ज्या अधिकाऱ्यांनी घातलं त्यांचा मला आदर वाटतो. दुकानांतल्या पिंजऱ्यातल्या ब्रॉयलरसाठी मात्र असं काही लिहिलं नाही. फक्त आराखड्याचा उल्लेख आला. दुसऱ्या दिवशी एका दुकानदाराने विचारलं, "साहेब, माझ्या कोंबडीला रोग आहे हे दाखवा, मग मारा." त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. त्याच दुकानातून पाड्यावरच्या बाया कोंबड्यांना घालायला आतडी-कातडी नेत असत. एवढं एक वाक्य आदेशात असतं तर त्याला उत्तर मिळालं असतं.

दुसरा निर्णयाचा क्षण वेळेचा होता. रात्रीच दुकानं सील करायची, की सकाळी सहाला सगळीकडे एकदम जायचं? मनुष्यबळ कमी आहे आणि रात्री वस्तीत गोंधळ होईल, म्हणून सकाळ ठरली. बैठक दहाला संपली. साडेदहाला आदेशाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरत होता. रात्री एकच्या सुमारास वस्तीतून दोन टेम्पो पिंजरे भरून निघाले. कुठल्या बाजूला गेले, ते कळलं नाही. सकाळी सातपैकी पाच दुकानांत एकही कोंबडी नव्हती आणि फरशा धुतलेल्या होत्या.

प्रत्यक्ष कारवाई

सकाळी सहाला चार पथकं पाड्यावर आली. पांढरे पीपीई किट, चष्मे, एन-९५. त्यातले निम्मे तरुण कंत्राटी होते, त्यांनी आधी कधी कलिंग, म्हणजे पक्षी मारून नष्ट करण्याचं काम, केलेलं नव्हतं. विषाणूविरोधी गोळ्या सगळ्यांना दिलेल्या होत्या. शीघ्र कृती दलाच्या प्रमुख डॉक्टर मॅडमनी त्यांना बाजूला घेऊन मान मोडण्याची पद्धत एका मेलेल्या कोंबडीवर दोनदा दाखवली. एक झटका, अर्धवट नाही. "जिला मारताय ती तुमची वैरी नाही. लवकर संपवा," एवढंच त्या म्हणाल्या.

पाड्यावर सगळे ज्यांना मावशी म्हणतात, त्यांचं घर वाघोबाच्या ठाण्याच्या अलीकडे शेवटचं. त्यांच्याकडे सात मोठ्या कोंबड्या, तीन तलंगा आणि एक तांबडा कोंबडा. खाटेखाली टोपलीत एक खुडूक कोंबडी तेरा अंड्यांवर बसलेली, ती सातांतलीच. त्यांच्या घरात एकही मर झालेली नव्हती. आम्ही अंगणात गेलो तेव्हा कोंबडा त्यांच्या मांडीवर होता.

मावशी पाड्यावरच्या सगळ्यांना 'तू'च म्हणतात, मलाही. म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यो वाघोबाचा आहे. बोललेला आहे. तू मारलास तर तो कोणाचा झाला?"

कोंबडा ठाण्यावर कापू देता येणार नव्हता. रक्त जमिनीवर पडलं असतं, पिसं उडाली असती. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, "मावशी, कापायचा नाही. पण दाखवून आणा. आम्ही थांबतो." मावशींच्या हातात मोजे घातले, तोंडाला मास्क बांधला. त्या कोंबड्याला घेऊन ठाण्यापाशी गेल्या, त्याच्या कपाळाला शेंदूर लावला आणि दगडापुढे मूठभर तांदूळ टाकले. कोंबड्याने तांदूळ टिपले की देवाने स्वीकारला असं मानतात. त्याने टिपले. एकदा, दोनदा, मग भराभर. पूर्ण निरोगी जनावर होतं ते. तुरा लालभडक, नजर स्वच्छ. मावशींनी त्याला उचलून मॅडमच्या हातात दिलं, आणि मग स्वतःच घरात जाऊन खाटेखालची टोपली बाहेर आणून ठेवली.

या दहा-बारा मिनिटांबद्दल नंतर एका वरिष्ठांनी नाराजी दाखवली. सोळा घरं बाकी असताना हा उशीर कशाला, असं त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं वेगळं आहे. मावशींनी टोपली बाहेर आणल्यावर त्या ओळीतल्या पुढच्या घरांत आम्हाला शोधाशोध करावी लागली नाही. बायांनी आपणहून कोंबड्या आणून दिल्या. त्याआधीच्या ओळीत माळ्यावर, पिंपात आणि एका ठिकाणी शाळेच्या दप्तराखाली कोंबड्या लपवलेल्या सापडल्या होत्या.

दुपारपर्यंत तिन्ही पाडे मिळून दोनशे छत्तीस कोंबड्या झाल्या. माझ्या वहीत चारशे बारा होत्या. मधल्या एकशे शहात्तर कुठे गेल्या? काही मेल्या, काही खाल्ल्या गेल्या, काही रातोरात नातेवाइकांकडे पोचल्या. त्यातल्या कितींनी विषाणू बरोबर नेला, या विचाराने मला पुढचे कित्येक दिवस झोप लागत नव्हती.

पुरण्याचा प्रश्न मुंबईत वेगळाच. खड्डा दोन मीटर खोल हवा, विहीर-ओढ्यापासून लांब हवा. पाड्यावर चार फुटांखाली काळा कातळ लागला. वन खात्याच्या माणसाने तेव्हा आग्रह धरला की उथळ पुरायचं नाही. इथे रात्री बिबटे आणि कुत्रे येतात, ते उकरतील. त्यामुळे जेसीबी मागवून थोडं वर, मुरमाड जमिनीत खड्डा घेतला. चुना, कोंबड्या, पुन्हा चुना, माती, आणि वर मोठे दगड. त्यात तीन तास गेले आणि सगळे वैतागले. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच एच५एन१ ने दगावले, तेव्हा त्या वनरक्षकाची मला आठवण झाली.

परिणाम

रोगाच्या बाजूने पाहिलं तर कारवाई यशस्वी झाली. निर्जंतुकीकरणानंतर तीन महिने दर पंधरा दिवसांनी नमुने घेतले, सगळे निर्दोष आले. माणसांत एकही रुग्ण नाही. टेम्पोतून गेलेल्या कोंबड्यांमुळे कुठे काही झाल्याचंही पुढे आलं नाही. हे आमचं नशीब, कर्तबगारी नव्हे.

भरपाईची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. राज्यात २०२१ मध्ये ठरलेले दर आमच्या वेळीही लागू होते. अंडी देणारी आठ आठवड्यांवरची कोंबडी ९० रुपये, त्याखालची २०, मांसल सहा आठवड्यांवरचा पक्षी ७०, त्याखालचा २०, अंडं ३ रुपये, खाद्य किलोला १२ रुपये. हा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. तक्त्यात दोनच रकाने, अंड्यांचे पक्षी आणि मांसाचे पक्षी. गावठी कोंबडा यातल्या कशातच बसत नाही. पंचनामा लिहिणाऱ्या मुलाने मावशींच्या कोंबड्यापुढे ७० लिहिलं होतं, मॅडमनी खोडून ९० केलं. मावशींना दहा मोठे पक्षी आणि एक कोंबडा मिळून ९९० आणि तेरा अंड्यांचे ३९, असे एकूण १,०२९ रुपये मिळाले. बाजारात त्याच कोंबड्यांचे चार हजारांच्या वर आले असते.

तरीही मावशींना काही तरी मिळालं. फोन करणाऱ्या तरुणाला मिळाले २७० रुपये. कारण भरपाई कारवाईत मारलेल्या पक्ष्यांची असते, रोगाने मेलेल्यांची नसते. त्याच्या चौदापैकी अकरा कोंबड्या पंचनाम्याच्या आधीच गेल्या होत्या. त्यातल्या चार त्याने मला फोन केल्यानंतर, आम्ही भोपाळची वाट पाहत असताना मेल्या. त्याने कलम ४ अक्षरशः पाळलं होतं. ज्यांनी गुपचूप दहा कोंबड्या मेहुण्याकडे पाठवल्या, त्यांच्या कोंबड्या आजही अंडी देत असतील.

पैसे खात्यात यायला पाच महिने लागले. नऊ बायांची खाती केवायसीअभावी बंद पडलेली होती, त्यांना आणखी दोन. शिवाय पाड्यावरच्या काही घरांनी त्या तरुणाशी बोलणं टाकलं. "तू फोन केलास म्हणून आमच्या गेल्या." त्याची आई मला एकदा रस्त्यात भेटली. तिने काही विचारलं नाही, फक्त म्हणाली, "आता तो कोंबड्या नको म्हणतो."

वेगळं काय करता आलं असतं

संशय आल्याच्या दिवशीच कोंबड्यांची मोजणी सरकारी कागदावर घ्यायला हवी होती. माझी वही मी त्या रात्री अधिकाऱ्यांसमोर ठेवून, प्रत्येक घराची सही-अंगठा घेऊन तिचा पंचनामा करून घेतला असता, तर निदान फोननंतर मेलेल्या कोंबड्यांसाठी मागणी करायला आधार राहिला असता. मागणी मान्य झाली असतीच असं नाही, कारण नियमच मारलेल्या पक्ष्यांचा आहे. माझं स्पष्ट मत आहे की भरपाईची तारीख कारवाईची नको, खबर दिल्याची हवी. हा बदल वरून, धोरणातच व्हावा लागेल. पण कागद तयार नसेल तर तो बदल मागायलाही तोंड राहत नाही.

दुकानांचा प्रश्न अहवालापर्यंत ताणायला नको होता. कोंबड्या मारायला भोपाळचा अहवाल लागतो. पिंजरे हलवू नका, नवा माल उतरवू नका, एवढं सांगायला तो लागत नाही, कारण संशयावरून वाहतूक थांबवण्याची सोय आराखड्यातच आहे. गुरुवारी रात्री दोन्ही कार्यालयांच्या माणसांना एकाच फोनवर घेतलं असतं तरी टेम्पो निघाले नसते. हा फोन मी करायला हवा होता. दोघांचेही नंबर माझ्याकडे होते.

बैठक आणि कारवाई यांच्यात एक रात्र सोडणं ही चूक मुंबईत तर अजिबात परवडणारी नाही. खेड्यात बातमी पोचायला सकाळ उजाडते. इथे अर्धा तास पुरतो.

पथकाच्या पुढे अर्धा तास पाड्यावरच्याच दोन बाया पाठवायला हव्या होत्या, घरोघरी काय होणार ते सांगायला. लहान मुलांना तेवढ्या वेळापुरतं शाळेत नेऊन बसवायला हवं होतं. दप्तराखालची कोंबडी जिच्या दप्तराखाली होती, ती दुसरीतली मुलगी पथकासमोरच उभी होती.

मावशींच्या कोंबड्याला दिलेली दहा मिनिटं मी पुन्हा देईन.

त्या उन्हाळ्यात, तीन महिन्यांची तपासणी संपल्यावर, बाया पुन्हा कोंबड्या आणू लागल्या. कुणी शहापूरच्या माहेरून, कुणी वसईच्या बाजारातून. मी लासोटाचे (मानमोडीच्या लसीचे) थेंब घेऊन गेलो तेव्हा अंगणवाडीतल्या ताईंकडे एक जाड वही ठेवून आलो. घरटी एक पान. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोंबड्या मोजून लिहायच्या, खाली सही किंवा अंगठा, आणि तीन महिन्यांतून एकदा सरकारी दवाखान्याचा शिक्का. त्या तरुणाच्या घराचं पान अजून कोरंच आहे. मावशींच्या पानावर मोठ्या चार, तलंगा दोन, कोंबडा एक अशी नोंद आहे. कोंबड्याच्या आकड्यापुढे त्यांनी ताईंना सांगून एक शब्द लिहून घेतला आहे, 'वाघोबाचा'. आणि त्यापुढे, रुपयांच्या रकान्यात, पाचशे.